शाळा व्यवस्थापन समितीत नाव आलंय, आता करायचं काय? पालकांचे नेहमीचे प्रश्न

हे सगळं मुख्यतः जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकेच्या शाळांमधल्या पालकांसाठी आहे. खाजगी आणि अनुदानित शाळांचं शेवटी शेवटी थोडं दिलंय. मी स्वतः एका झेडपी शाळेच्या समितीत होतो, त्यामुळे काही ठिकाणी कायदा सांगतोय आणि काही ठिकाणी माझं मत, दोन्ही वेगळं कळेल असं लिहायचा प्रयत्न केलाय. शासन निर्णय अधूनमधून बदलतात, तेव्हा नवीन पत्रक आलंय का हे केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) विचारत जा.

ही समिती म्हणजे जुनी ग्राम शिक्षण समितीच ना? फक्त नाव बदललं?

नाही हो. ग्राम शिक्षण समिती गावाची होती, ही शाळेची आहे. गावात दोन शाळा असतील तर दोन समित्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती सांगितलीय. म्हणजे ही कुणाच्या मर्जीने बनवायची गोष्ट नाही, कायद्याने बनवावीच लागते. महाराष्ट्रात ती कशी बनवायची याचा शासन निर्णय १७ जून २०१० ला निघाला. माता पालक संघ आणि शिक्षक पालक संघ या वेगळ्या गोष्टी, त्यांचा याच्याशी घोळ घालू नका.

मध्यंतरी एकेका शाळेत इतक्या समित्या झाल्या होत्या की त्याच त्या आठ-दहा लोकांची नावं सगळीकडे, कोण कशात आहे ते त्यांनाच माहीत नाही. २०२५ मध्ये शासनाने बऱ्याच समित्या एकत्र केल्या, बरं झालं.

समितीत कोण कोण असतं?

१२ ते १६ सदस्य, सचिव सोडून. त्यातले किमान ७५ टक्के हे शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक. उरलेल्या २५ टक्क्यांत स्थानिक संस्थेचा निवडून आलेला एक सदस्य (म्हणजे खेड्यात ग्रामपंचायत मेंबर), शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेली शिक्षणाची जाण असलेली गावातली एक व्यक्ती. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव. एकूण सदस्यांत निम्म्या महिला पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्या, आणि सगळ्या इयत्तांचे पालक यावेत असं बघायचं. शिवाय दोन विद्यार्थी, त्यात किमान एक मुलगी. या मुलांना मीटिंगला खरंच बोलवा, संडासाच्या दाराला कडी नाही हे ती पोरगीच सांगते, ते कुठल्याच अहवालात येत नाही.

समिती दर दोन वर्षांनी नवीन करायची.

सरपंच अध्यक्ष होऊ शकतात का?

सरपंच म्हणून नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडायचे. सरपंचांचं पोरगं त्याच शाळेत असेल आणि पालकसभेने त्यांना पालक म्हणून निवडलं असेल तर प्रश्न नाही. पण पोरं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला, सकाळी पिवळ्या बसमध्ये बसवायची, आणि इथे झेडपी शाळेचं अध्यक्षपद पाहिजे, असं चालत नाही.

आमच्याकडे तर पालकसभाच होत नाही, गुरुजी नावं लिहून टाकतात. मग?

बऱ्याच ठिकाणी असंच चालतं आणि दरवेळी त्यात कपट असतं असंही नाही. सभा बोलावली की सात पालक येतात, त्यातले तीन पाणी पिऊन निघून जातात, मग मुख्याध्यापक तरी काय करणार. पण नियम असा की पालक सदस्य पालकसभेतूनच निवडायचे. तेव्हा सभेची नोटीस लेखी काढायला सांगा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि वेळ अशी ठेवा की शेतावर जाणारा माणूस येऊ शकेल. सकाळी अकराची सभा म्हणजे कुणीच न येण्याची सोय. संध्याकाळी सहाला ठेवली तर बाया पण येतात, पुरुष पण.

आणि एक, निवडीत गावातले गट घुसतातच. या गटाचे चार त्या गटाचे चार असं वाटप होतं. होऊ द्या, फक्त वर्ग आणि वस्त्या सुटत नाहीत ना ते बघा. पाड्यावरची, तांड्यावरची, वीटभट्टीवरची पोरं शाळेत आहेत आणि त्यांचा एकही पालक समितीत नाही असं असेल तर ती निवड चुकीची आहे आणि तसं लेखी म्हणता येतं.

मी चौथी शिकलेय. मला जमेल का?

शिक्षणाची अट नाहीच. ताई, तुम्हाला किलोभर तांदळात किती माणसं जेवतात ते कळतं ना, शंभर रुपयाच्या खडूच्या पेट्या किती येतात ते विचारता येतं ना, मग झालं. लिहायचं काम सचिवाचं आहे. तुम्ही फक्त लिहिलेलं वाचून दाखवायला लावा, न वाचता अंगठा किंवा सही करू नका. समितीतल्या सदस्यांसाठी प्रशिक्षण ठेवलेलं असतं, त्याला जा, तिथे निदान आपला हक्क काय ते तरी कळतं.

वहिनींचं नाव आहे पण मीटिंगला दादाच येऊन बसतात, चालतं का?

नाही चालत. सदस्य ज्या आहेत त्यांनीच यायचं. दादांना चहा द्या आणि बाहेर बसवा.

गंमत वाटेल पण हे सगळ्यात जास्त होतं. आणि नुकसान समितीचंच होतं, कारण मुलगी शाळेत का जात नाही, डबा न खाता का येते, पोटात दुखतं म्हणून सोमवारीच का घरी राहते हे आईला माहीत असतं. बापाला फार तर इयत्ता माहीत असते, ती पण कधी कधी मागच्या वर्षीची.

मीटिंग किती वेळा?

महिन्यातून किमान एकदा. आधी अजेंडा नोटीस, मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, मग विषय, मग ठराव, सूचक अनुमोदक, सह्या. एवढा साधा क्रम आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. प्रोसिडिंग बुक, हिरव्या नाहीतर लाल पुठ्ठ्याची ती जाडजूड वही, कुणातरी मोठ्या पोराच्या हातात देऊन घरोघरी पाठवतात. पोरगं दारात उभं, "सरांनी सह्या मागितल्यात". तुम्ही भाकरी करता करता सही करता. वर पान कोरं आहे की भरलेलं ते पण बघत नाही. त्या कोऱ्या पानावर नंतर काय लिहिलं जाईल याची खात्री तुम्ही देऊ शकता का? आमच्याकडे अशी वही आली तेव्हा तीन महिन्यांच्या सभांच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने मागितल्या होत्या. मी म्हटलं सर, वही शाळेतच ठेवा, मीच येतो. सरांना राग आला थोडा, पण पुढच्या महिन्यापासून सभा व्हायला लागली. भांडण करावं लागलं नाही.

सही करायच्या आधी एवढं करा: तारीख बघा, ठराव वाचा, रिकामी राहिलेली ओळ असेल तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा, आणि मोबाईलवर पानाचा फोटो काढून ठेवा. फोटो काढायला कुणी नाही म्हणत असेल तर मात्र का ते विचारा.

समितीचं नेमकं काम काय?

कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत. शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते बघणं. बाकी शासन निर्णयाने जोडलेल्या बऱ्याच आहेत, म्हणजे मुलांची हजेरी, शाळाबाह्य मुलं, शिक्षकांची हजेरी, पोषण आहार, दिव्यांग मुलांची सोय वगैरे. गुरुजींना कसं शिकवायचं ते शिकवणं हे काम नाही, तसंच गुरुजी म्हणतील तिथे मान डोलावणं हे पण नाही.

शाळेला पैसे येतात तरी किती? आम्हाला कधी सांगितलंच नाही.

विचारा, तुमचा हक्क आहे. सगळ्यात ठरलेला पैसा म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि हजाराच्या वर १ लाख. त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा, म्हणजे हँडवॉश, फिनेल, संडासाची दुरुस्ती असं.

आता ४२ पटाची शाळा धरा. २५ हजार. त्यात लाईट बिल, खडू, डस्टर, रजिस्टरं, बल्ब, नळाची तोटी, टीव्ही बिघडला तर दुरुस्ती, २६ जानेवारीचा खर्च, प्रिंटरची शाई. आणि हा पैसा पण एका दमात येत नाही, तुकड्यातुकड्याने येतो आणि कधी कधी तर मार्चच्या तोंडावर येतो, मग ३१ मार्चच्या आत खर्च करा म्हणून पळापळ. त्यामुळे "शाळेला लाखो येतात, गुरुजी खातात" असं पारावर बसून बोलण्याआधी एकदा कॅशबुक मागवून वाचा. माझा अनुभव असा की कॅशबुक वाचल्यावर निम्मे संशय फिटतात, उरलेले निम्मे मात्र पक्के होतात!

काय बघायचं: प्रत्येक खर्चाला पावती आहे का, वस्तू खरंच शाळेत आहे का, ती डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) चढली का, मोठ्या खरेदीला दरपत्रकं मागवली का आणि ती तीन दरपत्रकं तीन वेगळ्या दुकानांची आहेत का. एकाच हस्ताक्षरातली तीन कोटेशन मी पाहिलीत. लेटरहेड तीन, अक्षर एकच, शुद्धलेखनाची चूक पण तिन्हीत तीच.

खात्यावर माझी सही आहे. उद्या ऑडिटला काही निघालं तर मी अडकेन का?

अध्यक्ष आणि मुख्याध्यापक असं संयुक्त सहीचं काम असतं, म्हणून अध्यक्षाला ही भीती वाटणं बरोबर आहे. आता बहुतेक पैसा पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतून थेट दुकानदाराच्या खात्यात जातो, रोख हातात येत नाही, त्यामुळे पूर्वीइतकं सोपं नाही गडबड करणं. पण कागद तुमच्या सहीनेच पुढे जातो. तेव्हा साधा नियम ठेवा: आधी ठराव, मग खरेदी, मग वस्तू डोळ्यांनी बघणं, मग सही. कोऱ्या चेकवर, कोऱ्या पेमेंट कागदावर सही नाही म्हणजे नाही, समोर कितीही जवळचा माणूस असू दे. "अहो सर्व्हर डाऊन आहे, सही करून ठेवा, नंतर भरतो" या वाक्याला तर हमखास नाही म्हणा.

एखादा खर्च पटला नाही तर सभेत "माझा याला विरोध आहे" असं इतिवृत्तात लिहायला लावा. तोंडी विरोधाला काही किंमत नाही, लिहिलेला विरोध तुम्हाला वाचवतो.

गणवेशाचं काय झालंय नक्की? कधी शाळा देते, कधी वरून येतो.

यावर लोक फार वैतागलेत म्हणून जरा सविस्तर. आधी समिती गणवेश घ्यायची, दोन गणवेशांना मिळून ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाला ३००. २०२३-२४ पासून सरकारी शाळेतल्या सगळ्याच मुलांना गणवेश द्यायचं ठरलं, ते चांगलं झालं, कारण त्याआधी एका बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाला मिळायचा आणि एकाला नाही. पण मग एक राज्य एक गणवेश म्हणून सगळं वरून करायचं ठरलं आणि २०२४-२५ ला काय झालं ते तुम्ही बघितलंच. पंधरा ऑगस्ट आला तरी कित्येक शाळांत गणवेश नाही, आले त्यांच्या मापांचा पत्ता नाही. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदी परत समितीकडे आली.

म्हणजे आता जबाबदारी तुमची. ३०० रुपयात कापड, शिलाई, बटणं सगळं बसवायचं, सोपं नाही. तयार घ्यायचे की कापड आणून गावातल्या शिंप्याकडून नाहीतर बचत गटाकडून शिवायचे हे समितीने ठरवायचं, केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकाच दुकानातून घ्यावेत असा दबाव आला तर ठरावाची वही दाखवा. तयार घेत असाल तर आधी एक नमुना मागवा आणि तो धुवा. खरंच धुवा, एकदा भिजवून वाळवा. रंग जातो का, आटतो किती ते तिथेच कळतं. हाफ चड्डीची शिवण ओढून बघा, स्कर्टला खाली दुमड किती ठेवलीय बघा, दोन बोटं तरी पाहिजे, पोरं वर्षभरात वाढतात. आणि मापं वर्गात जाऊन घ्या, "तिसरीचा नंबर २४" असं धरून चालू नका, तिसरीत पण एखादा पैलवान असतो.

ज्या पोराची चड्डी कमरेला सुतळीने बांधलेली असते ते पोर झेंडावंदनाला मागच्या रांगेत उभं राहतं, समोर येत नाही.

पोषण आहारात समितीने काय बघायचं?

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. डाळ किंवा कडधान्य २० आणि ३० ग्रॅम, भाजी ५० आणि ७५ ग्रॅम, तेल ५ आणि साडेसात ग्रॅम. यातून लहान मुलांना ४५० कॅलरी १२ ग्रॅम प्रथिनं आणि मोठ्यांना ७०० कॅलरी २० ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत असा हिशोब आहे.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण एक दिवस दहा-साडेदहाला न सांगता शाळेत जा. हजेरीपटावर पहिली ते पाचवीची ६० मुलं हजर दिसतायत, तर ६ किलो तांदूळ आणि सव्वा किलोच्या आसपास डाळ पातेल्यात पडायला पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाच विचारा, आज किती घेतला? त्या खरं सांगतात, त्यांना लपवायचं काही नसतं. मग वर्गात जाऊन डोकी मोजा. हजेरीपट ६० म्हणतो, पातेलं ४५ म्हणतं आणि वर्गात ४७ डोकी दिसतात, असं असेल तर बोलायला विषय मिळाला.

मुलांना वाढायच्या आधी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचं, हे शिक्षकांचं काम, पण पालकांनी पण पाळीपाळीने घ्यावी. रोज "चव चांगली" एवढंच लिहिलेलं दिसतं. एकदा "मीठ जास्त, वाटाणा कच्चा" असं लिहून बघा, दुसऱ्या दिवशी वाटाणा शिजतो. पोत्यावरची तारीख बघा, तांदूळ जमिनीवर थेट ठेवलाय का फळीवर ते बघा, तेलाचे पुडे मोजा.

आहार शिजला नाही तर? २०१५ च्या नियमांप्रमाणे त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मुलाला द्यावा लागतो. आणि सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार मिळाला नाही तर कुणाची तरी जबाबदारी निश्चित करावी लागते. हे बहुतेक पालकांना माहीतच नाही.

मावशींच्या बाजूने पण एक सांगायचंय. त्यांचं मानधन तुटपुंजं आणि ते पण वेळेवर नाही. चुलीच्या धुरात उभं राहून इतक्या पोरांचं करणाऱ्या बाईचं मानधन तीन-चार महिने थकलं असेल तर तो विषय समितीने अजेंड्यावर घ्यावा, तालुक्याला पत्र पाठवावं. खिचडीला नावं ठेवणारे खूप असतात.

शाळा विकास आराखडा म्हणजे ती फाईल ना, जी मुख्याध्यापक भरून देतात?

व्हायला नको तसं, पण होतं तसंच. हा तीन वर्षांचा आराखडा असतो, त्यात दरवर्षाचा वेगळा भाग, किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, खोल्या किती, पैसा किती. कायद्याच्या कलम २२ मध्ये म्हटलंय की शासनाने किंवा झेडपीने शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असेल. आता आधारच कुणी मागच्या वर्षीचा कॉपी पेस्ट करून दिला तर वरून पण मागच्या वर्षीचंच मिळणार ना. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो द्यायचा असतो, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच बसा. एक दिवस शाळेला चक्कर मारा, छत कुठे गळतं, कंपाउंड कुठे पडलंय, मुलींच्या संडासात पाणी आहे का, रॅम्प आहे का, आणि ते जसंच्या तसं लिहा. "भौतिक सुविधांची कमतरता" असं लिहू नका, "दुसरीच्या वर्गात उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी गळतं, चार पत्रे बदलावे लागतील" असं लिहा. फोटो जोडा.

शिक्षक कमी आहेत. कुलूप ठोकायचं का?

दर वर्षी जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या गावात कुलूप ठोकलेलं पेपरात येतंच, आणि खरं सांगायचं तर कधी कधी त्यानेच शिक्षक येतो. पण त्यात पोरांचे दिवस जातात, म्हणून आधी कागद चालवा.

नियम असा की पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. वर्षाला पाचवीपर्यंत किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. मंजूर पदं संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक द्यायचे याची सरकारी मंजुरी) ठरतात, आणि ती ठरते पटावर, त्यामुळे मुलांचं आधार व्हॅलिड झालं नाही म्हणून पटात धरलं गेलं नाही आणि त्यातून एक शिक्षक गेला असंही होतं. तेव्हा कुलूप शोधण्याआधी किती मुलांचं आधार पेंडिंग आहे ती यादी मागा आणि त्या पालकांना घेऊन आधार केंद्रावर जा. कंटाळवाणं काम आहे पण याचा उपयोग होतो.

मग ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. पोच घेतलेलं पत्र आणि तोंडी सांगणं यात जमीन अस्मानाचा फरक.

शिक्षकाची बदली किंवा निलंबन समिती करू शकते का?

नाही. ते अधिकार झेडपीचे. समिती फक्त लेखी कळवू शकते, आणि कळवताना "हे गुरुजी बरोबर नाहीत" असं मोघम नको, तारखा आणि वेळा लिहा. एक मात्र लक्षात घ्या, शिक्षक वर्गात नाही म्हणजे दरवेळी कामचुकारच असतो असं नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं कायदाच सांगतो, तरी पण सर्वे, ॲप, फोटो अपलोड, लिंक भरा, माहिती तात्काळ, यात बिचाऱ्यांचा दिवस जातो. आमच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, "दादा, शिकवायला वेळ मागायचा अर्ज कुणाकडे करू?" तो अर्ज समितीने करावा असं मला वाटतं. दोन शिक्षकी शाळेतला एक दिवसभर ऑनलाईन माहिती भरत असेल तर त्याविरुद्ध पण ठराव करता येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं नोव्हेंबरमध्ये गायब होतात. समिती काय करणार?

बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांना हा प्रश्न सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, वर्ग निम्मा होतो, पोरं येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. यासाठी समग्र शिक्षामधून हंगामी वसतिगृह असतं, ते चालवतं कोण, तर शाळेची समिती. म्हणजे आजीपाशी नाहीतर चुलत्याकडे राहणाऱ्या मुलांना सकाळ-संध्याकाळ जेवण, दुपारचं पोषण आहारात. पण मंजुरी वेळेवर आली तर उपयोग. टोळी गेल्यावर डिसेंबरात वसतिगृह सुरू करून काय करायचं, पोरगं तर फडात गेलं आईच्या मागे. म्हणून पोळ्याच्या सुमाराला घरोघर जाऊन कुणाचे आईबाप जाणार आहेत त्याची यादी करा आणि प्रस्ताव पुढे पाठवा.

जी मुलं जाणारच, त्यांना जाताना हमीपत्र किंवा बदलीचा कागद द्यायला सांगा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तरी पण कागद असलेला बरा. आणि मुली राहिल्या असतील तर त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवा, आठवीतल्या मुलीला घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून लग्न उरकण्याचे प्रकार याच काळात होतात.

एखाद्या मुलीने किंवा मुलाने काही भयंकर सांगितलं तर? म्हणजे शाळेतल्याच कुणाबद्दल?

याचं उत्तर सरळ आहे. पोलिसांना कळवायचं. समितीची मीटिंग बोलवायची नाही, गावकीत मिटवायचं नाही, "आधी खात्री करू" म्हणायचं नाही. पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे असं आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला तर जास्त शिक्षा आहे. चौकशी पोलीस करतील, तुम्ही मुलाला परत परत विचारू नका, त्याचं नाव ग्रुपवर येऊ देऊ नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहून घ्या, ऑफिसच्या आत कपाटामागे नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झाल्यावर शासनाने सीसीटीव्ही, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती (शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती) यावर कडक सूचना काढल्या. तक्रार पेटी बहुतेक शाळांत लागली. आता तिची चावी कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली ते पुढच्या सभेत विचारा.

मारण्याबद्दल पण लोक विचारतात, "गुरुजी, दोन ठेवून द्या पण शिकवा" म्हणणारे पालक अजून आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पालकांनी परवानगी दिली तरी बंदीच आहे.

मुख्याध्यापक माहितीच देत नाहीत, "तुम्हाला काय कळतं" म्हणतात.

आधी सभेत मागा आणि मागितल्याचं इतिवृत्तात येऊ द्या. नाही दिली तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसात उत्तर. मुलांच्या हक्काचा प्रश्न असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर बालहक्क आयोगाकडे अपील.

पण पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचं हत्यार काढू नका. मुख्याध्यापक बहुतेकदा प्रभारी असतात, वर्ग पण त्यांच्याकडेच, क्लार्क नाही, शिपाई नाही. एक तास जाऊन त्यांना रजिस्टर लावायला मदत करा, जे पंधरा अर्जांनी मिळत नाही ते त्या तासात मिळतं.

वर्गणी मागितली तर द्यावीच लागते का?

सक्ती नाही. लोकवर्गणीतून शाळा उभ्या राहिल्यात, रंगरंगोटी झालीय, टीव्ही आलेत, ते सगळं चांगलंच. पण ती ऐच्छिक, पावती घेऊन, आणि प्रवेशाशी किंवा दाखल्याशी जोडलेली नसावी. दाखला अडवून शंभर रुपये मागत असतील तर ती वर्गणी नव्हे.

आमची शाळा अनुदानित आहे, संस्थेची. तिथे पण हेच का?

समिती असते, पण शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ती फक्त सल्ला देणारी आहे. ठराव करू शकता, संस्थाचालकांनी ऐकलंच पाहिजे असं नाही. विनाअनुदानित खाजगी शाळांना कलम २१ लागूच नाही. तिथे पालक-शिक्षक संघ, आणि फीसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा. त्यात कार्यकारी समितीचे पालक लॉटरीने निवडायचे असतात, तेव्हा शाळेने आपल्या मर्जीतले चार पालक बसवले असतील तर लॉटरी कधी काढली, कुणासमोर काढली ते विचारा. फीवाढीचा प्रस्ताव त्याच समितीसमोर जातो, म्हणून तिथे कोण बसलंय याला महत्त्व.

मानधन मिळतं का?

नाही. चहा मिळतो, तो पण वर्गणीचा.

मुलगी यंदा शाळा सोडून हायस्कूलला गेली. मी अध्यक्ष राहू शकतो का?

नाही, मूल शाळेतून गेलं की पालक म्हणून सदस्यत्व गेलं. दोन वर्षं पूर्ण व्हायची असली तरी. बँकेतली सही बदलायचा ठराव लगेच करून घ्या, हे लोक विसरतात आणि मग वर्षभर खात्यावर जुन्याच अध्यक्षाचं नाव राहतं, पैसे आलेले काढता येत नाहीत. नवीन अध्यक्षाला प्रोसिडिंग बुक, पोच घेतलेल्या पत्रांची फाईल आणि चालू आराखड्याची प्रत हातात द्या, कुठल्या पत्राचं उत्तर अजून यायचंय त्यावर खूण करून. आणि ते पत्र्यांचं काम मंजूर झालं असेल तर ठेकेदाराने पत्रा कुठल्या जाडीचा लिहून दिलाय ते पण सांगून ठेवा.